बुधवारची मासोळी

आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी आई मासोळीचे नावही काढू देत नाही. रविवारी मासोळी शिजते, पण तो सोहळा असतो: कांदा चुलीत भाजायचा, सुके खोबरे आणि खसखस परतायची, पाट्यावर तासभर वाटण वाटायचे, आणि दोन वाजता जेवायला बसायचे. कामाच्या दिवसांत मासोळीला सोयीचा उरतो तो बुधवार, आणि आमचा आठवडी बाजारही बुधवारीच भरतो. त्या दिवशी माझी पत्नी आरोग्य केंद्रातून रात्री आठ वाजता परतते, माझी शाळा पाच वाजता सुटते, आणि म्हणून गेली चार वर्षे बुधवारचा स्वयंपाक माझ्याकडे आहे.

सुरुवातीला मी रविवारचीच भाजी घाईघाईने करण्याचा प्रयत्न करीत असे. कांदा अर्धकच्चा भाजला जाई, मिक्सरमधले वाटण खरबरीत राही, आणि नऊ वाजले तरी रस्स्याला तेल सुटत नसे. या फजितीतून माझ्या हळूहळू लक्षात आले की वेळ मासोळी खात नाही, वाटण खाते. बकऱ्याच्या मटणाला शिजायला तास लागतो, कारण त्यातले चिवट तंतू सावकाश विरघळतात. माशात तसे तंतू फार कमी असतात आणि थोड्या उष्णतेतच ते मऊ होतात, त्यामुळे माशाचा तुकडा उकळत्या रस्स्यात आठ-दहा मिनिटांत तयार होतो. तेव्हा बुधवारची भाजी ही रविवारच्या भाजीची धाकटी बहीण न मानता तिला वेगळाच पदार्थ मानावे, असे मी ठरवले. आईला ते अजूनही पूर्णपणे मान्य नाही. पहिल्या दिवशी तिने ताटाकडे पाहून विचारले होते, “वाटन नाई त मासोरी कायची रे?”

भंडारा जिल्ह्यात मासोळीसाठी लांब जावे लागत नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, ज्यांना सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव आणि बोलण्यात मामा तलाव म्हणतात, ते गावोगाव आहेत, आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था त्यांत मासेमारी करतात. बाजारात मुख्यतः रोहू, कतला आणि मृगळ मिळतात. नशीब असेल तर मरळ किंवा झिंगेही दिसतात. रोहूच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. हा मासा मुळात वाहत्या नदीत पावसाळ्यात अंडी घालणारा, तलावाच्या साचलेल्या पाण्यात तो सहसा अंडी घालीत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातल्या अंगुल येथे पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून रोहूच्याच कार्प कुळातल्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून तलावात सोडायला लागणारे बीज नदीतून गोळा करण्याची अट हळूहळू संपत गेली. आपल्याकडे १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात, तो याच प्रयोगाची आठवण म्हणून.

मी शक्यतो सव्वा किलोच्या आसपासचा रोहू घेतो. त्याहून लहान माशाचे काटे बारीक असतात आणि मुलाला ते निवडता येत नाहीत. कल्ला उचलून तो लालभडक आहे का हे पाहावे, डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, आणि अंगावर बोट दाबले तर खळगा राहू नये. बर्फाच्या पेटीतून बाहेरगावची मासोळीही येते आणि ती स्वस्त पडते, पण तलावातली मिळत असताना मी तिच्या वाटेला जात नाही. मासोळी विकणाऱ्या मावशी पाच मिनिटांत खवले काढून तुकडे करून देतात. घरी हेच काम मला अर्धा तास पुरते. एकदा शहाणपणा करून मी मासोळी घरीच चिरली आणि पोटातली पित्ताची हिरवी पिशवी सुरीने फोडली. चार वेळा धुऊनही ती भाजी तोंडात धरवेना. पुढच्या बुधवारी मावशींना सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, “पित्त फुटलं त सारी मासोरी कडू होते जी, गुरुजी.”

घरी आल्यावर पहिले काम तांदूळ धुऊन भिजत घालण्याचे, कारण या सगळ्यात भातालाच अधिक वेळ लागतो. मग तुकड्यांच्या आतला काळा पापुद्रा बोटाने खरवडून काढतो, कारण चिखलाचा वास तिथे अडकून राहतो. तो वास तलावातल्या शेवाळ्यामुळे आणि सूक्ष्मजंतूंमुळे येतो आणि आंबट पदार्थाने बराच कमी होतो; म्हणून तुकड्यांना मीठ, हळद आणि एका लिंबाचा रस चोळून पंधरा मिनिटे ठेवतो. तेवढ्यात भात चढतो आणि खलबत्त्यात दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा, दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, कुटला जातो.

पसरट गंजात, म्हणजे पातेल्यात, तीन पळ्या जवसाचे तेल घालतो. आमच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, धान निघाल्यावर लाखोरीची डाळ आणि जवस असतो, त्यामुळे ते घरचेच असते. मात्र ते फार तापवू नये, नाही तर त्याचा उग्र वास सगळ्या भाजीला लागतो. त्यात बारीक चिरलेला एक कांदा, कुटलेला लसूण-सांभार, एक टमाटर, दोन चमचे तिखट आणि एक चमचा धने पावडर परततो. घट्टपणासाठी खोबऱ्याऐवजी भाजलेल्या जवसाचा दोन चमचे कूट टाकतो आणि अडीच वाट्या गरम पाणी ओततो. रस्सा खदखदू लागला की तुकडे एकेक करून आत सोडतो.

यापुढे पळी घालायची नाही, हे मी आईकडून शिकलो. रोहूच्या पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे असतात, आणि तुकडा मोडला की ते सगळ्या रस्स्यात पसरतात. एकदा मी चमच्याने ढवळले, तेव्हा आई दिव्याखाली ताट तिरपे धरून भातातून काटे वेचत बसली होती. ती काहीही बोलली नाही, आणि मला तेच अधिक लागले. आता दोन्ही कानांना फडके लावून गंजच हलकेच गोल हलवतो. मुलासाठी पोटाकडचे तुकडे बाजूला काढतो, कारण त्यांतले काटे मोठे असून सहज ओढून निघतात; तांदळाच्या पिठात घोळवून ते तव्यावर प्रत्येक बाजूने चार-चार मिनिटे भाजतो.

बाजारातून परतल्यापासून ताट वाढेपर्यंत पाऊण तास लागतो. पत्नीची गाडी फाटकाशी येते तेव्हा भाताची वाफ जिरलेली असते. मासोळीचा रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो असे सगळेच म्हणतात, आणि ते खरेही आहे, पण आमच्याकडे दुसरा दिवस गुरुवारचा. त्यामुळे तळातला शेवटचा रस्साही त्याच रात्री भातावर घेऊन संपवायचा, आणि मग मी गंजाला चिंच आणि राख लावून तो घासतो आणि अंगणातल्या दगडावर पालथा घालतो, म्हणजे पहाटे आई उठेल तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात त्याचा वास नसेल.