दुसऱ्या लाईनवरच्या गाडीचा इशारा : उद्यमनगरातल्या शेडपासून पेटंटपर्यंत, माझा अनुभव

माझे मामा रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासायचा, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या तर ठोकायच्या, हे काम. नोकरीची बरीच वर्षं पुणे-लोणावळा पट्ट्यात गेली आणि शेवटची मिरजेला. आमच्या कोल्हापूर-मिरज मार्गावर एकच लाईन, रुकडी म्हणा हातकणंगले म्हणा, स्टेशन सोडलं की एकच रूळ, त्यामुळं इथं वाढलेल्या माणसाला डबल लाईनची भीती काय असते ते कळत नाही. मलाही कळत नव्हती. मामांनी एकदा जेवताना सांगितलं की समोरनं येणारी गाडी दिसते, शिट्टी ऐकू येते, माणूस बाजूला होतो, पण घाईत तो बाजूला होतो दुसऱ्या लाईनवर, आणि पहिल्या गाडीचा खडखडाट एवढा असतो की त्याच वेळी पाठीमागनं दुसऱ्या लाईनवर गाडी आली तर तिचा आवाज त्यातच मिसळून जातो. त्यांच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमधला एक जण असाच गेला. मामा पंधरा-वीस पावलांवर होते, जीव तोडून ओरडले, पण मधे गाडीचा आवाज, त्याला ऐकूच गेलं नाही. हे सांगून मामा भाकरी तशीच ठेवून उठले होते.

माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, कंट्रोल पॅनेल वायरिंग, मोटर स्टार्टर, फौंड्रीवाल्यांची किरकोळ कामं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काम बंद, हात मोकळे, आणि मामांची ती गोष्ट डोक्यात. म्हणलं आपण रोज मशीनवर प्रॉक्सी सेन्सर लावतो, लोखंड समोर आलं की सिग्नल देणारा, तर गाडीचं चाक पण लोखंडच आहे की.

आधी हिशोब केला. नवीन कामात दोन लाईनच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर कमीत कमी 5.3 मीटर धरतात आणि डबा साधारण सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना मधे जेमतेम दोन मीटर जागा राहते. ताशी 110 ची गाडी सेकंदाला 30 मीटरपेक्षा जास्त जाते. कामावरच्या माणसाला हत्यारं उचलून बाजूला व्हायला 20 सेकंद द्यायचे म्हणलं तर सेन्सर 600 मीटरच्या पुढं पाहिजे, आणि ते पण दोन्ही लाईनला वेगवेगळा.

खऱ्या रुळावर जाऊन काही करायचा प्रश्नच नव्हता, विनापरवाना रुळावर जाणं गुन्हा आहे आणि मामांनी मला पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. मग शेडमध्येच भंगारातले अँगल आणून तीस फुटाचे दोन ट्रॅक शेजारी शेजारी टाकले, बेअरिंगची चाकं लावून दोन ट्रॉल्या केल्या. प्रत्येक ट्रॅकच्या दोन्ही टोकांना दोन-दोन प्रॉक्सी जवळ जवळ, कारण एक आधी लागला की दुसरा, यावरनं चाक कुठल्या दिशेला चाललंय ते कळतं, आणि आत किती चाकं गेली, बाहेर किती आली ते मोजलं की लाईन मोकळी झाली का ते कळतं. रेल्वेत ॲक्सल काउंटर असतो तो याच तत्त्वावर चालतो.

पहिलं मॉडेल एका आठवड्यात तयार झालं, गाडी आली की लाल दिवा आणि हूटर. मामांना मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "वायर तुटली तर काय हुतंय रं?" म्हणलं दिवा लागणार नाही. "म्हंजी माणूस म्हणतोय गाडी न्हाई, आणि गाडी येतीया." मी गप्पच झालो.

त्या रात्री ट्रॅक सर्किटबद्दल वाचत बसलो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन नावाच्या माणसानं 1872 ला त्याचं पेटंट घेतलं होतं. रुळातनं बॅटरीचा बारीक करंट सोडायचा, त्या करंटवर रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच उचललेला राहतो, गाडी आली की चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ शॉर्ट करतात, रिले पडतो, सिग्नल धोका दाखवतो. वायर तुटली, बॅटरी संपली, रूळ मोडला तरी रिले पडतोच. मी अख्खं डिझाइन उलटं केलं, सेन्सरकडनं दर सेकंदाला "लाईन मोकळी" असा रेडिओ सिग्नल येत राहणार आणि सलग तीन सिग्नल चुकले की धोका. दिवा बंद म्हणजे सुरक्षित, हा अर्थच काढून टाकला.

दुसरी गोष्ट पण मामांचीच. हूटर ऐकू येणार कसा? पहिली गाडी शेजारनं जात असताना हूटर काय आणि माणूस काय, सगळं सारखंच. म्हणून दंडाला बांधायचा पट्टा केला, आत मोबाईलमध्ये असते तसली थरथरणारी मोटर. अप म्हणजे एका दिशेच्या लाईनला लांब थरथर, डाउन म्हणजे उलट दिशेच्या लाईनला दोन छोट्या, आणि दोन्हीकडनं गाडी असेल तर न थांबता सलग. पहिली गाडी निघून गेली तरी दुसरी लाईन मोकळी होईपर्यंत पट्टा थांबत नाही. मामांना शेडमध्ये पाठमोरं उभं केलं, पोरगा तेलाचा रिकामा बॅरल पहारीनं बडवायला लागला, इतका की शेजारचा लेथवाला बाहेर आला, आणि मी एक ट्रॉली आधी सोडली, दुसरी मागनं. मामा पहिल्या ट्रॉलीला बाजूला झाले, दुसऱ्या ट्रॅककडं पाय टाकला आणि तसाच मागं घेऊन पूर्ण बाहेरच्या बाजूला गेले. वळून माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत, दंडावरचा पट्टा मात्र बराच वेळ सोडला नाही.

आता पेटंटचं. माझा भाचा त्या चाचणीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणारच होता. नशिबानं एक इंजिनिअरिंग कॉलेजचे सर पॅनेलच्या कामासाठी आले होते, ते म्हणाले थांब, अर्ज करायच्या आधी जगाला दाखवलंस तर नवेपणा जातो आणि पेटंट मिळत नाही. हे ज्यांच्या डोक्यात काही कल्पना आहे त्या सगळ्यांना मी हात जोडून सांगतो, आधी अर्ज, मग स्टेटस.

अर्ज करून देणाऱ्या एका पेटंट एजंटनं पन्नास हजाराच्या वर आकडा सांगितला. माझ्याच्यानं जमण्यासारखं नव्हतं, मग स्वतःच करायचं ठरवलं. महाराष्ट्राचं पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे पण सगळं ऑनलाइन होतं, फक्त डिजिटल सिग्नेचर लागते. फेब्रुवारी 2021 ला प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला, वैयक्तिक अर्जदाराला फी 1600 रुपये. यात कल्पनेचं वर्णन द्यायचं, दावे म्हणजे नक्की कशावर हक्क सांगतो ते नंतर, आणि पुढच्या 12 महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन म्हणजे दाव्यांसकट पूर्ण वर्णन भरायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. फॉर्म 1 मध्ये संशोधकाचं नाव लिहायची जागा आली तेव्हा माझा हात थांबला. वायर तुटली तर काय हा प्रश्न कुणाचा, दोन्हीकडनं गाडी आली तर वेगळी थरथर पाहिजे हे कुणी सांगितलं? मामांचं नाव दुसरा संशोधक म्हणून लिहिलं. मामा म्हणाले मी सातवी शिकलेला माणूस, माझं नाव कशाला. म्हणलं मामा, कायदा शिक्षण विचारत नाही, डोकं कुणाचं ते विचारतो.

ते वर्ष सगळं आधीची पेटंटं शोधण्यात गेलं. पेटंट शोधायची आपल्याकडची सरकारी साईट इनपास, शिवाय गुगल पेटंट्स. रेल्वे सिग्नलिंगचा वर्ग बी 61 एल आणि रुळावर काम करणाऱ्यांना इशारा देणाऱ्या यंत्रणा त्यातल्या 23/06 मध्ये, हे कळल्यावर शोध सोपा झाला. रोज रात्री जेवण झालं की दोन तास. जुनी अमेरिकन पेटंटं पण निघाली, रस्त्यावरच्या विजेच्या ट्रामची. तिकडं रस्त्याच्या मधोमध दोन रूळ, माणूस ट्राममधनं उतरायचा, तिच्या पाठीमागनं रस्ता ओलांडायचा आणि समोरनं येणारी दुसरी ट्राम त्याला दिसायचीच नाही. त्यासाठी शेजारच्या रुळावर गाडी आली की घंटा वाजवायची, दिवा लावायचा. पहिल्यांदा पोटात गोळाच आला, म्हणलं संपलं, हे तर आधीच झालंय. पण चार-पाच वेळा वाचल्यावर वाटलं की एवढ्या वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडं कुणीतरी मामांचंच दुःख ओळखलं होतं, म्हणजे आपण वाट चुकलो नाही.

कम्प्लीटमध्ये दावे लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला. एक दावा म्हणजे एकच वाक्य, कितीही लांब असो. मी आधी 14 लिहिले होते, दहाच्या वरच्या प्रत्येक दाव्याला 320 रुपये जादा, म्हणून नाही, तर सरांनी वाचून विचारलं की यातलं तुझं नक्की कुठलं, तेव्हा कापत कापत 9 वर आलो. सोबत परदेशी अर्जांच्या माहितीचा फॉर्म 3, संशोधक कोण ते सांगणारा फॉर्म 5 आणि तपासणीची विनंती म्हणजे फॉर्म 18, त्याची फी 4000. फॉर्म 18 वेगळा भरल्याशिवाय अर्ज कुणी तपासायलाच घेत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 18 महिने झाल्यावर अर्ज प्रसिद्ध झाला, मग नुसती वाट बघणं.

2023 ला पहिला तपासणी अहवाल आला. डी-1, डी-2, डी-3 अशी तीन जुनी कागदपत्रं दाखवून म्हणलं होतं की या तिन्हीतलं एकत्र केलं की तुमचंच होतं, यात संशोधनाची पायरी नाही, म्हणजे जाणकाराला सहज सुचणार नाही असं काही नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. उत्तराला सहा महिने मिळतात, त्यातले मी साडेपाच घेतले. एकेक कागद मामांना मराठीत सांगायचो. डी-2 मध्ये गँगसाठीच हूटर होता, दोन लाईन पण होत्या. मामा म्हणाले, "पहिली गाडी गेली की त्येचा भोंगा थांबतोय का चालूच ऱ्हातोय?" बघितलं तर गाडी गेली की रीसेट. माणूस फसतो ती वेळ हीच, आवाज थांबला म्हणून तो परत रुळावर येतो. आमच्यात प्रत्येक लाईनची मोजणी वेगळी आणि दोन्ही मोकळ्या झाल्याशिवाय इशारा सुटत नाही. पहिला दावा तेवढ्यावरच आणून ठेवला, बाकीचा मोह सोडला.

सुनावणी व्हिडिओवर झाली. वर्कशॉपची लाईट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून इन्व्हर्टर आणला, शेजाऱ्यांना तासभर मशीन बंद ठेवायची विनंती केली, सगळ्यांनी ठेवली, त्यांचे उपकार आहेत. पेटंट ऑफिसच्या कंट्रोलर मॅडमनी शांतपणे विचारलं की रीसेट न होणं एवढाच फरक का. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिल्या गाडीचा आवाज, दुसरी गाडी, पाय कुठं पडतो ते सांगितलं. नंतर 15 दिवसांत तेच लेखी द्यायचं असतं, ते दिलं. नोव्हेंबर 2024 ला पेटंट मंजूर झालं. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, सुरुवातीला वर्षाला 800, आणि मंजुरीपर्यंतचं साठलेलं तीन महिन्यांत भरायचं, ते विसरू नका. 2024 च्या नवीन नियमात संशोधकाला वेगळं प्रमाणपत्र मागता येतं, फॉर्म 8ए. मामांच्या नावाचं मागवलं. त्यांनी ते लॅमिनेट करून जुन्या लाल-हिरव्या झेंड्यांच्या घडीत ठेवलंय.

पेटंट मिळालं म्हणजे यंत्र रुळावर गेलं असं नाही. ते वेगळं काम, चाचण्या, मान्यता, रेल्वेची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था म्हणजे लखनौचं आरडीएसओ, आणि ती वाट अजून चालायचीय.

22 जानेवारी 2025 च्या रात्री मामांचा फोन आला. जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेस थांबलेली, आगीच्या अफवेनं माणसं खाली उतरली आणि शेजारच्या लाईनवरनं कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. इंजिनावर पिवळा फ्लॅशर असतो, तो समोरनं येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला थांब म्हणून सांगतो, पण डब्यातनं उतरणाऱ्याला काही सांगत नाही. मामा म्हणाले आपला पट्टा तिथं काय कामाचा, प्रवाशाच्या दंडाला कोण बांधणार. खरं होतं ते.

पुढच्या रविवारी ते सकाळीच शेडवर आले. भिंतीवर खडूनं डब्याच्या दाराचं माप काढलं, खाली पायऱ्या काढल्या. मी दिव्याची खूण दाराच्या वर केली तर त्यांनी ती हातानं पुसली. म्हणाले, "उतरताना माणूस वर बघत न्हाई, पाय कुठं टाकायचा ते बघतोय." आणि खालच्या पायरीच्या कडेला गोल काढला.