तुम्ही विचारलंत म्हणून: आधी चौकी मागायची की कॅमेरे?

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत मी महिला मंडळाचं काम बघते. त्यामुळे दुसऱ्या वस्त्यांमधल्या बाया भेटतात, निवडणूक जवळ आली की होतकरू नगरसेवकही भेटतात, आणि सगळ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, वस्तीत सुरक्षा पाह्यजे तं आधी काय मांगाचं? पोलीस चौकी का कॅमेरे?"

मी म्हणते, आधी रस्त्यावरचा दिवा मागा. आणि त्या दिव्याखाली रात्री दहापर्यंत माणसांचा राबता राहील असं काहीतरी सुरू करा. यावर बहुतेकांचे चेहरे पडतात. होतकरू नगरसेवकाचा जास्तच, कारण दिव्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

नागपुरात हा विषय निघाला की कस्तुरबा नगरचं नाव येतंच. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयात, भर दुपारी, त्या वस्तीला धाकात ठेवणाऱ्या अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावानं ठार मारलं. जमावात बहुतेक त्या वस्तीतल्या बाया होत्या. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. बाहेरगावचे लोक ही नारीशक्तीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. पोलीस ठाण्यात गेलं तर कोणी ऐकून घेत नाही, असं त्या वस्तीतले लोक वर्षानुवर्षं सांगत होते. एक माणूस अख्ख्या मोहल्ल्याला धाकात ठेवतो तेव्हा त्याचं खरं भांडवल असतं आतून कड्या लावून बसलेली घरं. म्हणून माझा सगळा भर लोकांनी संध्याकाळी दारं उघडी ठेवण्यावर आहे.

आता दिव्याचं. सार्वजनिक संडासाकडे जाणारी वाट अंधारी असली की काय होतं, ते ठाण्याच्या कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही. बाया संध्याकाळनंतर पाणी पिणं कमी करतात. नागपूरच्या मे महिन्यातही. पोरींना रात्री जायचं झालं तर आईला उठवतात, आई शेजारणीला. अर्जात मी हे सगळं लिहिते, लाजत नाही. पण "दिवा बंद आहे" एवढ्याच अर्जानं काम होत नाही. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो टाका. पुसला असेल तर समोरच्या घराचा पत्ता टाका. महापालिकेच्या झोन कार्यालयात दुसरी प्रत पुढे करून शिक्का मारून घ्या, आवक क्रमांक घ्या. पुढच्या खेपेला आपण कमी बोलायचं, तो कागद पुढे करायचा.

झुडपं माजलेल्या मोकळ्या भूखंडाचं प्रकरण जरा वेगळं. आपल्या शहरात महापालिका आहे आणि १९३६ च्या कायद्यानं आलेलं नागपूर सुधार प्रन्यासही आहे. शिवाय गुंठेवारीतले ले-आऊट आणि खासगी मालक, जे कित्येकदा शहरातच राहत नाहीत. भूखंड नेमका कोणाचा ते आधी काढा, नाहीतर अर्ज नुसता टेबलं फिरत राहतो.

माणसांच्या राबत्याचं म्हणाल, तर आमच्याकडे ते काम विहारानं केलं. उत्तर नागपुरात बुद्धविहार वस्तीवस्तीत आहेत, आणि बऱ्याच विहारांत पोरांसाठी अभ्यासिका चालते. आमचीही स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसाठीच सुरू झाली होती, सुरक्षेचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. पण अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी राहायला लागली तसा समोरचा पानठेलाही उशिरापर्यंत चालायला लागला. पोरींना घ्यायला बाप यायला लागले, आणि आलेले बाप लगेच परत थोडीच जातात, ओट्यावर गप्पा ठोकत बसतात. ज्या कोपऱ्यावर दारू पिऊन धिंगाणा चालायचा तिथं कोणी कोणाला हाकललं नाही. एवढ्या ओळखीच्या काकांसमोर बाटली काढायची लाज वाटायला लागली, इतकंच.

पहाटेचं काम पोलीस भरतीच्या पोरांनी केलं. पोरांना १६०० मीटर धावावं लागतं, पोरींना ८०० मीटर. अंधारातच त्यांचा सराव सुरू होतो आणि धुणीभांडी करायला निघालेल्या बायांना आपसूक सोबत मिळते. योजना आखून हे जमलं नसतं असं मला अजूनही वाटतं.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. शहरात सरकारी प्रकल्पातून साडेतीन हजारांच्या वर लागले आहेत, पण मुख्यतः चौकांत आणि मोठ्या रस्त्यांवर. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथं कॅमेऱ्याला दिसणार काय, तर वाळत घातलेल्या साड्या. मंगळसूत्र ओढून पळालेला नंतर सापडायला कॅमेरा कामाचा आहे. ओढायच्या आधी त्याला धाक वाटायला गल्लीत माणूस लागतो.

पोलिसांबद्दल दोनच गोष्टी सांगते. ११२ ला फोन करायला बाया घाबरतात, कारण गाडी आपल्याच दारात उभी राहील आणि मग सगळ्यांना कळेल कोणी बोलावलं. तर पोलिसांचा उलटा फोन आला की सांगायचं, "गाडी चौकात थांबवा, घरी येऊ नका." दुसरी गोष्ट एनसीची, म्हणजे किरकोळ, अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची. मारहाण मोठी असली तरी कच्च्या कागदावर एनसी घेऊन परत पाठवलं, हे तुम्हीही ऐकलं असेल. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो, आणि त्याची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतला तर तक्रार लेखी करून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे पोलीस उपायुक्तांकडे (डीसीपी), टपालानं पाठवता येते. आणि ठाण्यात एकटं जाऊ नका. चार बायांनी जा.

सगळ्यात अवघड मात्र आपलेच पोट्टे. चाकू घेऊन फिरणारा कोणी परग्रहावरून येत नाही, त्याच्या बारशाच्या घुगऱ्या आपण खाल्लेल्या असतात. तडीपारी दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. पण तडीपार पोरगा रात्री आईकडे जेवायला येतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. एका आईला मी विचारलं तर ती म्हणाली, "तो येऊन राहिला म्हणून जेवून तं राहिला, नाहीतर कुठं पडून राहीन." मी तिला काहीच बोलले नाही, फोनही केला नाही. हे बरोबर की चूक, यावर मंडळात आमची कडाक्याची भांडणं होतात, आणि माझी बाजू तिथं बरेचदा पडते.

चौकी मागूच नका, असं मी म्हणत नाही. मागा. फक्त मागताना विचारून घ्या, तिथं रात्री कोण बसणार, महिला शिपाई असणार का, आणि बंदोबस्ताच्या दिवसांत तिला कुलूप लागणार का. आमच्या चौकीचा प्रस्ताव सध्या याच तीन प्रश्नांवर अडला आहे.