इरल्याखालचं शेत

जपानमधल्या कानाझावा शहराहून गाडी उत्तरेला काढली की समुद्रात घुसलेला नोतो द्वीपकल्प लागतो. तोक्यो-क्योतो करून परतणारे आपले लोक इकडे सहसा फिरकत नाहीत. बस कमी, इंग्रजी पाट्या त्याहून कमी, आणि मासे खात नसाल तर जेवणाची पंचाईत. पण भातशेतीच्या गावात वाढलेल्या माणसाने इथे यायलाच हवं.

वाजिमाजवळचं शिरोयोने सेनमाइदा म्हणजे डोंगरउतारावरून थेट समुद्रापर्यंत उतरलेली १,००४ खाचरं. सगळ्यांचं मिळून क्षेत्र जेमतेम चार हेक्टर! तिथली एक गोष्ट सगळे सांगतात. शेतकरी संध्याकाळी खाचरं मोजतो, एक कमी भरतं. पुन्हा मोजतो, तरी कमीच. कंटाळून घरी जायला म्हणून इरलं उचलतो, तर हरवलेलं खाचर त्याच्याखाली.

एप्रिलात एक आजोबा बांध लिंपत होते. ओला चिखल खोऱ्याने ओढायचा, बांधावर चढवायचा आणि खोऱ्याच्या पाठीने थापून गुळगुळीत करायचा, म्हणजे पाणी झिरपत नाही. मी विचारलं, दोन-तीन तुकडे जोडून एक मोठं का करत नाही? त्यांनी उताराकडे बोट दाखवलं. जमीन घसरणारी आहे. मोठं शेत म्हणजे उंच बांध, आणि उंच बांध इथे टिकत नाही. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून फोटो काढतो, ते खरं तर असं दरवर्षी थापून राखावं लागतं.

१ जानेवारी २०२४ च्या ७.६ क्षमतेच्या भूकंपाने याच खाचरांना भेगा पाडल्या. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात जातं, त्यामुळे मधलं एक फुटलं की खालची सगळी कोरडी. त्या वर्षी लावणी झाली ती साधारण १२० खाचरांत, तीही स्वतः भूकंपाची झळ सोसलेल्या लोकांनी केली. सप्टेंबरात अतिवृष्टीने पुन्हा झोडपलं. किनारा तर काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला, बंदरांचे तळ उघडे पडले.

२०११ मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, नोतो आणि जपानच्याच सादो बेटाला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला, तो नुसत्या खाचरांसाठी नाही. इथे 'आएनोकोतो' नावाचा विधी आहे. डिसेंबरात, कापणी उरकल्यावर, घरधनी शेतावर जाऊन भाताच्या देवाला बोलावून आणतो. भाताची लोंबी लागून देवाची दृष्टी गेली अशी समजूत आहे. म्हणून घरधनी ठेवणीतले कपडे घालून, उंबरा कुठे, पायरी कुठे, हे बोलून सांगत त्याला आत आणतो. अंघोळीचं पाणी काढतो, मग पानात काय काय वाढलंय ते एकेक करून सांगतो. दोन फाट्यांचा मुळा हवाच. फेब्रुवारीत देवाला पुन्हा शेतावर पोचवतात. इतका वेळ, इतक्या गांभीर्याने, न दिसणाऱ्या पाहुण्याशी बोलायचं! मला हा विधी खाचरांपेक्षाही मोठा वाटतो.

नोतोतल्याच सुझूकडचं मीठही बघण्यासारखं. आपल्या शिरोड्याला मिठागरात ऊनच सगळं काम करतं. इथे तेवढं ऊन नाही. म्हणून समुद्राचं पाणी बादल्यांनी वर आणून वाळूच्या अंगणावर शिंपडतात, वाळलेली खारी वाळू गोळा करून पुन्हा समुद्राच्याच पाण्याने धुतात आणि ते दाट खारं पाणी लाकडं जाळून आटवतात. शिंपडणं दिसतं सोपं, पण पाणी सगळीकडे सारखं पडायला हात बसावा लागतो.

जायचंच तर मेमध्ये लावणीला किंवा सप्टेंबरात कापणीला जा. भूकंपाआधी हिवाळ्यात बांधांवर सौर दिव्यांची रोषणाई करायची प्रथा पडली होती, ती नसती तरी माझं काही अडलं नसतं. रस्त्यांची चौकशी करून निघा, आणि मुक्काम तिथल्याच एखाद्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती पाहुणघरात, करा. कानाझावाहून दिवसात उरकून आलात, तर तुमचे पैसे गावाऐवजी पेट्रोल पंपावर जातील.