आमची वाटचाल : सोलापुरी टेरीपासून कापडी पॅडपर्यंत

कारखान्यातून टेरीचे तागे आणायचे, कापायचे, कडा दुमडून टीप मारायची आणि टॉवेल मोजून परत द्यायचे, हे काम सोलापुरातील असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घरी चालत असे. त्याच मशीनवर आम्ही खेड्यांतील मुलींसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड शिवू लागलो आणि आज आमची ओळख त्याच मालाने आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कोऱ्या टेरीत मागावरची खळ उरलेली असते, त्यामुळे ती पाणी नीट धरत नाही. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक तागा धुऊन, वाळवून मगच कटिंग टेबलावर घेतो. पॅडचा आकार आखून कापायचा फर्मा पत्र्याचा ठेवतो, कारण पुठ्ठ्याची कड झिजली की माप सरकते. वर सुती फलालीन, मध्ये टेरी, खाली गळती अडवणारे पीयूएल कापड, कडेला ओव्हरलॉक आणि पंखांना टिचबटण, अशी आमची रचना आहे. बटण लावण्याचा हातप्रेस जुना असला तरी त्याची पकड नव्या यंत्रांपेक्षा चांगली आहे आणि तो मी कोणालाही हाताळू देत नाही.

सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली. त्यानंतर एका पुरवठादाराने आमच्याच फर्म्याची नक्कल केली. आत टेरीऐवजी पॉलिस्टर फ्लीस, वर मिश्र धाग्याचे छापील कापड, पाकिटावर मात्र ‘शुद्ध सुती’ आणि भाव आमच्या निम्म्याच्या आसपास. पॅड घेणाऱ्या संस्थांनी भाव पाहिला आणि ऑर्डरी तिकडे वळवल्या. ते पॅड ओल धरत नव्हते. मुलींच्या मांड्यांना पुरळ आले, कपडे डागाळले. याचा राग त्या पुरवठादारावर निघाला असता तर मला दुःख झाले नसते, परंतु ‘कापडी पॅड म्हणजे घाण’ असे ठरवून अनेक शाळांनी आम्हालाही दार बंद केले. तयार माल पोत्यांत पडून राहिला, कर्जाचे हप्ते थकले आणि शिलाईच्या बायकांना घरी बसवावे लागले. दुसऱ्याच्या लबाडीची किंमत आम्ही मोजली, ही सल अजून गेलेली नाही.

त्या दिवसांत मंगळवेढा तालुक्यातील एका वसतिगृहाच्या अधीक्षिका स्वतः आमच्या कारखान्यात आल्या. त्यांच्याकडे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुली राहतात. त्यांनी आमच्या आणि त्या नकली अशा दोन्ही पॅडमधून एकेक धागा ओढला आणि काडी लावली. आमचा कागदासारखा जळून त्याची मऊ राख झाली, दुसरा वितळून त्याची कडक गुठळी झाली. त्यांनी तिथेच आगाऊ रक्कम दिली आणि इतर वसतिगृहांनाही कळवले. जाताना म्हणाल्या, “ताई, मुली हे पॅड लाजेने गादीखाली वाळवतात. दोरीवर टाकता येईल असं काहीतरी करा.” त्यातूनच आमचा उलगडणारा पॅड तयार झाला. तो उघडला की साध्या रुमालासारखा दिसतो, कमी पाण्यात निघतो आणि लवकर वाळतो. आजही जूनची पहिली ऑर्डर त्यांचीच असते.

२०२१ मध्ये पुनर्वापराच्या पॅडसाठी आयएस १७५१४ हे भारतीय मानक आले. ते आधी असते तर आमच्यावर ती वेळ आली नसती. पॅड करमुक्त झाले म्हणजे उत्पादकावरचा बोजाही गेला, असा कराबाबतही लोकांचा गैरसमज आहे. जुलै २०१८ मध्ये पॅडवरील १२ टक्के जीएसटी शून्य झाला, हे ग्राहकाच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु विक्रीवर कर नसल्यामुळे कापड, बटणे आणि दोऱ्यावर भरलेला कर आम्हाला वजा करून मिळत नाही. तो छोट्या उत्पादकाच्या अंगावरच पडतो.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या बचतगटांनी यंत्राआधी कापडाची पारख शिकावी. पॅड खरेदी करणाऱ्या शाळांनी भाव विचारण्याआधी तपासणी अहवाल मागावा आणि मुलींना धुण्याची रीत सांगावी : आधी थंड पाणी, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो, मग साबण, आणि शेवटी भरपूर ऊन. सांगोला-मंगळवेढ्याकडे उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते, तिथे पॅडबरोबर झाकणाची बादली आणि पाण्याची सोय नसेल तर आमचा मालही उपयोगाचा नाही. म्हणून नवी शाळा जोडताना पाणी कुठून येते आणि वाळवण्याची दोरी कुठे बांधणार, हे आम्ही आधी विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत माल पाठवत नाही.