पाळीचा नेम नाही आणि चान्स घेतोय

अठ्ठावीस दिवसांची पाळी मी फक्त पुस्तकात वाचलेली. माझी कधी पाच आठवड्यांनी, कधी दोन-दोन महिने पत्ताच नाही. कॉलेजात असताना त्याचं काही वाटत नव्हतं, उलट सुटका वाटायची. आम्ही चान्स घ्यायचं ठरवलं तेव्हा मात्र डोक्याला ताप झाला. मोबाइलमधलं ॲप मागच्या पाळ्यांची सरासरी काढून फर्टाइल, म्हणजे गर्भ राहू शकेल अशा दिवसांवर हिरवे ठिपके द्यायचं. जिच्या पाळीला सरासरीच नाही, तिने त्या ठिपक्यांचं काय करायचं?

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत कागदावर एक रेघ काढून समजावलं. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की पुढची पाळी साधारण 12 ते 16 दिवसांत येते, हा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो. लांबतो तो त्याच्या आधीचा भाग. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा मोजण्यात आपल्यासारखीला अर्थ नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सच्या तपासण्या, सोनोग्राफी सगळं झालं आणि पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीने बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास. नवऱ्याचीही तपासणी त्यांनी तेव्हाच करून घेतली, हे मला फार आवडलं. नाहीतर बाईला गोळ्यांवर गोळ्या चालू आणि त्याचा रिपोर्ट वर्षभराने, अशी घरं मी पाहिली आहेत.

मेडिकलमधून ओव्ह्युलेशन किट आणलं, बीज कधी बाहेर पडणार याचा अंदाज देणारं. दुपारी, आधी दोन तास पाणी कमी पिऊन लघवी तपासायची. एलएच हार्मोन एकदम वाढला की दुसरी रेघ गडद होते आणि त्यानंतर साधारण 24 ते 36 तासांत बीज बाहेर पडतं. माझी रेघ महिन्यात तीन-तीनदा गडद! पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढा असू शकतो, शिवाय शरीर तयारी करतं आणि ऐनवेळी माघार घेतं, असंही होतं. किटवर खर्च करायचाच असेल तर आधी बाकीच्या खुणा शिकून घ्या, असं मी मैत्रिणींना सांगते.

त्यातली पहिली खूण फुकटची. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे आजार, एवढंच आपल्याला घरात शिकवलेलं असतं. पण बीज तयार होत आलं की हा स्राव पातळ, निसरडा होतो, दोन बोटांत धरला तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जातो. ते दिवस महत्त्वाचे, कारण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात आणि बीज जेमतेम एक दिवस. त्यामुळे संबंध बीज फुटायच्या आधी यायला हवा. एकच अचूक दिवस शोधायचं आम्ही सोडून दिलं आणि स्राव बदलला की एक दिवसाआड, एवढंच धोरण ठेवलं. घरातलं वातावरणही त्याने निवळलं.

दुसरी खूण तापमानाची. डोळे उघडल्यावर, उठायच्या आत, दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवणारं थर्मामीटर तोंडात, आणि आकडा रोज तक्त्यात. बीज बाहेर पडल्यावर तापमान 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढतं आणि चढलेलं राहतं. म्हणजे घटना घडून गेल्यावर कळतं, पण निदान घडली हे तरी कळतं. आमच्या सोलापुरात पाणी रोज येत नाही आणि येतं तेव्हा भल्या पहाटे. हंडे भरायला उठले की त्या दिवसाचा आकडा वाया. शेवटी पाणी भरायचं काम नवऱ्याकडे गेलं, ते आजतागायत त्याच्याकडेच आहे.

मग गौरी-गणपती आले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गौरी तोंडावर आल्यात, ती पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊन टाक ना." ती गोळी प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे बीज फुटल्यावर शरीरात वाढणाऱ्या हार्मोनच्या जातीची. पाळीची तारीख आणि तापमान, दोन्ही तिच्या तालावर जातात, तक्त्याची वाट लागते. "आई, डॉक्टरांनी यंदा नको सांगितलंय," म्हटलं. त्या क्षणभर थांबल्या. "बरं, मग नैवेद्य थोरली बघेल." विषय मिटला. मी भांडणाची तयारी करून बसले होते!

तक्त्यावरून एवढं दिसलं की काही पाळ्यांत तापमान चढतच नव्हतं, म्हणजे बीजच फुटत नव्हतं. डॉक्टरांनी बीज फुटावं म्हणून लेट्रोझोल ही गोळी सुरू केली. डबीतल्या कागदावर स्तनाच्या कॅन्सरचं नाव वाचून मी हादरले. औषध मूळचं त्याचंच. आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्याच्यावर 2011 मध्ये बंदी आली होती आणि 2017 मध्ये ती उठली. पीसीओएसमध्ये आज हेच आधी देतात, असं त्यांनी समजावलं.

सोबत फॉलिकल स्टडी, म्हणजे अंडाशयात बीज ज्या पिशवीत वाढतं तिची सोनोग्राफीने मोजणी. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखालच्या बाकावर गरोदर बायका बाटल्या रिकाम्या करत बसलेल्या, आणि मला मात्र "लघवीला जाऊन या" असं फर्मान, कारण माझी सोनोग्राफी आतून. एक दिवसाआड जायचं, कागदावर 'उजवीकडे 13, अस्तर 6' असे फॉलिकलचे आणि गर्भाशयाच्या अस्तराचे मिमीतले आकडे घेऊन यायचं. फॉलिकल रोज साधारण 2 मिमी वाढतं आणि 18च्या पुढे गेलं की फुटायच्या बेतात. फुटल्यावर आठवड्याने प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी. 'एकविसाव्या दिवशी करा' असं सरसकट सांगतात, पण बीज उशिरा फुटणारीला त्या दिवशी आकडा कमीच दिसणार.

दिवस राहिले ते लेट्रोझोलच्याच एका पाळीत, आणि तेव्हाही बीज बरंच उशिरा फुटलं होतं. पहिल्या सोनोग्राफीत गर्भ शेवटच्या पाळीच्या तारखेच्या मानाने लहान दिसला. तपासणाऱ्यांचा चेहरा गंभीर झाला. मी पर्समधून तक्ता काढला आणि तापमान चढल्याची तारीख दाखवली. तिथून मोजल्यावर आकार बरोबर जुळत होता. गर्भाच्या लांबीवरून बाळंतपणाची नवीन तारीख काढून त्यांनी फाइलवर लाल पेनाने लिहिली आणि जुनी खोडली.