हायड्राचं गोत्र

टाकीतल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानाला लटकलेला हायड्रा हा इवलासा प्राणी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, दोऱ्याचं उसवलेलं टोक जणू. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शुंडकांवर, म्हणजे तोंडाभोवतीच्या बारीक सोंडांवर, दंशपेशींचे फुगीर पुंजके दिसले की संघ ठरला: निडारिया, म्हणजे जेलीफिश आणि प्रवाळांचा गोतावळा. वर्ग मात्र हायड्रोझोआ. खरे जेलीफिश सायफोझोआत. पावसाळ्यात जुहूला वाहून येणारी निळी पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर दिसते जेलीफिशसारखी, पण नात्याने हायड्राची! हायड्राला तर छत्रीसारखी पोहणारी अवस्थाच नसते. लिनियसने १७५८ मध्ये या प्रजातीला (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा समूह) नाव दिलं, आता तिच्यात चार गट मानतात. हिरवा मला लगेच ओळखू येतो, कारण आतल्या थराच्या पेशींत शैवाल बाळगतो. उरलेल्या तिघांसाठी दंशपेशींतल्या दंशकुपींचे आकार तपासत बसायचं. मान मोडते, पण मला आवडतं.