क्लीटचा रंग बघताय? आधी गुडघ्याचं बघा

गेल्या पावसाळ्यानंतर सायकलवर सिंहगड चढताना माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला आणि कारण निघालं क्लीटचं (सायकलिंगच्या बुटाच्या तळाला लावतात तो पेडलमध्ये अडकणारा तुकडा), झिरो फ्लोटवाले लावले होते मी, म्हणजे पाय पेडलवर जरापण वळत नाही. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्याला ६ अंश फ्लोट, निळ्याला २, लालला शून्य. लूक कंपनीच्या किओ क्लीटमध्ये मात्र लाल म्हणजे ९ अंश, करडे साडेचार, काळे शून्य, त्यामुळे नुसता रंग बघून मागवू नका हां! दोन्हींना तीनच बोल्ट लागतात पण एकमेकांच्या पेडलमध्ये बसत नाहीत. मी आता पिवळ्यांवर आलोय, गुडघा शांत आहे. नवीन असाल तर पेडलची स्प्रिंग सैल ठेवा, टाच बाहेर फिरवली की पाय लगेच सुटला पाहिजे.